स्वतःची ओळख की स्वतःची आरती?

मंडळी, गणपतीच्या दिवसांत मंदिराच्या सभागृहात दरवर्षी एक छान दृश्य दिसतं. आरती संपते, प्रसादाचे द्रोण हातात येतात आणि कोणी तरी विचारतं, "आपण मूळचे कुठले?" आपण सांगतो, "साताऱ्याचे. इथे न्यू जर्सीत पंचवीस वर्षं झाली." मग साताऱ्यात कुठे, शाळा कुठली, असं करत पाचव्या मिनिटाला दोघांच्या ओळखीचे एखादे मामा सापडतात. या गप्पांत आपण किती कर्तबगार आहोत हे सहसा कोणी सांगत नाही. सांगितलंच, तर ऐकणारा "जरा चहा बघून येतो" म्हणून उठतो.

आपल्या पिढीला घरातून हेच शिकवलं गेलं. पाहुण्यांसमोर पहिला नंबर सांगितला, की आई डोळे मोठे करायची. "आपली टिमकी आपण वाजवू नये" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की अजूनही कोणी कौतुक केलं तर मी आधी इकडेतिकडे बघतो.

असा मी, जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बेकार झालो. सकाळी ई-मेल आली, दुपारी लॅपटॉप बंद. त्या महिन्यात इथे माहिती-तंत्रज्ञानातल्या हजारो लोकांवर तीच वेळ आली होती. नागरिकत्व असल्यामुळे मी निदान निवांत होतो. एच-वन व्हिसावरच्या मुलांना तर नवी नोकरी शोधायला जेमतेम साठ दिवस मिळतात.

संध्याकाळी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं माझं लिंक्डइनचं पान उघडलं. २००३ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर माझं खातं बरंच जुनं होतं, पण त्यावर नाव, हुद्दा आणि कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेला माझा चेहरा, एवढाच ऐवज. ती म्हणाली, "बाबा, हे म्हणजे दाराला पाटी आणि आत रिकामं घर! तुमचा काही ब्रँडच नाही."

ब्रँड! हा शब्द मला साबणाला लावायची सवय. पण टॉम पीटर्स नावाच्या व्यवस्थापन-लेखकानं १९९७ मध्येच एका गाजलेल्या लेखात सांगून टाकलं होतं, की आता प्रत्येक माणूस हाच एक ब्रँड आहे. शब्दाचं मूळ शोधलं तर ते निघतं जाळण्यात. तापल्या लोखंडानं जनावरावर मालकाची खूण उमटवायची, तो ब्रँड. आपल्याकडेही डागणं आहेच. गंमत अशी, की मराठीत डाग म्हणजे कलंक आणि डाग म्हणजे दागिनाही. आपण स्वतःवर उमटवलेली खूण यातली कोणती ठरेल, हे ती किती खरी आहे यावर अवलंबून असतं. हे मला लवकरच कळणार होतं.

मुलगी प्रश्न विचारत होती, मी उत्तरं देत होतो. "त्या बँकेचं जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रणेवर नेलं, ते कोणी केलं?"

"आम्ही केलं."

"बाबा, आम्ही नाही. मी म्हणा. आम्हीला कोणी नोकरी देत नाही."

तिचं अगदीच चूक नव्हतं. मुलाखत घेणाऱ्याला समोरच्या माणसानं काय केलं हेच हवं असतं. तिनं टाइप केलं, "या प्रकल्पाचं नेतृत्व केलं." मी वाचलं. खरं तर नेतृत्व माझं नव्हतं. ते माझ्या तेव्हाच्या वरिष्ठ बाईंचं होतं. माझ्याकडे रात्रीची पाळी होती. पण घराचा हप्ता डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, "राहू दे."

दोन आठवड्यांनी त्याच पानावर त्याच बाईंचा निरोप आला. त्या आता निवृत्त आहेत. लिहिलं होतं, "तुझं प्रोफाइल वाचलं. छान झालंय. नोकरीसाठी शुभेच्छा." बस्स, एवढंच. टोमणा नाही, तक्रार नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं!

त्या रात्री झोप लागली नाही आणि आठवली ती महाभारतातली कर्णपर्वातली गोष्ट. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परततो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर संतापून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. आता, असं म्हणणाऱ्याचा वध करीन ही अर्जुनाची प्रतिज्ञा! तो तलवार उपसतो. कृष्ण तोड काढतो, की थोरल्याला अरे-तुरे करून त्याचा अपमान कर, वडीलधाऱ्याचं ते मरणच आहे. अर्जुन तसं करतो आणि मग पश्चात्तापानं स्वतःचाच जीव द्यायला निघतो. तेव्हा कृष्ण सांगतो, आता स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कर, म्हणजे आत्महत्या केल्यासारखंच होईल.

लहानपणी ही मला कृष्णाची चलाखी वाटायची. त्या रात्री वाटलं, यात शब्दशः सत्य आहे. ज्या क्षणी मी "नेतृत्व केलं" लिहिलं, त्या क्षणी रात्रीची पाळी करणारा खरा मी पुसला गेला. त्याच्या जागी एक तोतया उभा राहिला, आणि मुलाखतीत मला त्या तोतयाच्या वतीनं उत्तरं द्यावी लागणार होती.

मग काय, गप्प बसणं हाच धर्म? तसंही नाही. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. लिहिता-वाचता न येणारी ही शेतकरी बाई ओव्या रचत राहिली. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं आली, म्हणून आज आपल्याला बहिणाबाई माहीत आहेत. त्यांच्यासारख्या आणखी किती जणींना सोपानदेव मिळालेच नसतील! कोणी बोललंच नाही, तर सोनंही मातीतच राहतं.

मला यावर वाट दाखवली ती हनुमंतानं. समुद्रकाठी सगळे वानर आपण किती योजनं उडी मारू शकतो हे सांगत असताना तो एकटा गप्प बसलेला असतो. त्याच्या सामर्थ्याची आठवण त्याला जांबवंत करून देतो. पण लंकेत सीतामाईंसमोर गेल्यावर मात्र तो गप्प राहत नाही. तिथे मौन पाळणं म्हणजे काम बुडवणं. तो मी कोण, कोणाकडून आलो, हे स्पष्ट सांगतो आणि खूण म्हणून रामाची अंगठी देतो. ही ओळख आहे, आरती नाही. तिच्यात रामाचं नाव झाकलेलं नाही, उलट त्याच नावाच्या आधारावर ती उभी आहे.

मला वाटतं, फरक इथेच आहे. आपण केलेलं काम सांगणं ही फुशारकी नव्हे, समोरच्याला उपयोगी पडणारी माहिती आहे. फुशारकी सुरू होते ती दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्या ताटात ओढलं की. त्याची परीक्षाही सोपी आहे. जे लिहिलं ते, त्या कामात बरोबर असलेल्या माणसांसमोर मोठ्यानं वाचता येईल का? माझं ते एक वाक्य वाचता आलं नसतं.

सकाळी मी ते बदललं. "या प्रकल्पाचं नेतृत्व माझ्या वरिष्ठांचं होतं. रात्री होणाऱ्या बदलांची आणि काही बिघडलं तर पूर्ववत करण्याची जबाबदारी माझी होती." मुलगी म्हणाली, "बाबा, आता कोण फोन करणार?" मी बाईंना पत्र लिहून माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं, "तू रात्री जागा असायचास, म्हणून मी झोपू शकायचे. हे का नाही लिहिलंस?" आणि त्यांनी स्वतःच माझ्या पानावर चार ओळींची शिफारस लिहिली. माझा जांबवंत!

खरं बोललो म्हणून लगेच नोकरी मिळाली, असं सांगितलं तर ती पुन्हा फुशारकीच होईल. पाच महिने लागले, आणि पगारही आधीपेक्षा कमी. खोटं वाक्य ठेवलं असतं तर कदाचित लवकर मिळाली असती, कोण जाणे. पण मुलाखतीत त्या रात्रींबद्दल विचारलं, तेव्हा मला काही आठवून ठेवावं लागलं नाही. जे घडलं तेच सांगितलं.

जाता जाता एक विनंती. लिंक्डइनवर स्वतःबद्दल लिहाच, आणि खरं लिहा. पण त्याबरोबर दुसऱ्या एकासाठी दोन खऱ्या ओळी लिहा. नोकरी गेलेला एखादा तरुण, वर्षांनुवर्षं मागे राहून काम करणारी एखादी ताई. स्वतःबद्दल सांगताना जी जीभ अडखळते, ती दुसऱ्याबद्दल मोकळी व्हायला काय हरकत आहे?

पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सांगतात, तो यंदा कान देऊन ऐका. आधी ब्रह्मदेवाचं आयुष्य, मग कल्प, मन्वंतर, युग, मग देश, तिथी, मग गोत्र, आणि एवढं सगळं झाल्यावर आपलं नाव. नाव घेतलं जातं, गाळलं जात नाही. फक्त ते आपल्या जागी येतं.

गणपती बाप्पा मोरया!