अपुरी धून कोणाला ऐकवावी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

नैवेद्याचा स्वयंपाक करताना चव बघायची नसते, हा आपल्या घराघरांतला नियम. देवाच्या आधी जिभेवर काही ठेवायचं नाही. मीही तो लहानपणापासून पाळत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र हाच नियम मला वेगळ्या जागी आडवा आला, म्हणून हा लेख.

मी बँकेतला निवृत्त कारकून. शिक्षण कॉमर्सचं, हौस पेटीची. आमच्या भजनी मंडळात साथीला बसतो. निवृत्तीनंतर मनात आलं, की दत्तजयंतीला पालखीच्या प्रदक्षिणेत वाजवायला आपली एक धून असावी. शब्द नाहीत, नुसती पेटी. दत्तजन्म मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी होतो, तेव्हा दिवेलागणीचा यमन धरला. मुखडा चार दिवसांत जमला. अंतरा मात्र वरच्या षड्जावर जाऊन बसला, तो खाली यायला तयार होईना. सात महिने दार लावून मी त्याच्याशी झगडत होतो. मंडळी विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "पुरी झाली की ऐकवतो. देवाच्या आधी कोणी चव घ्यायची नाही."

एक दिवस सौ. म्हणाली, "अहो, मीही नैवेद्याची चव घेत नाही. पण मीठ किती घालायचं ते सासूबाईंना विचारूनच शिकले ना? तुमचा हा नियम देवासाठी आहे, की कोणी नावं ठेवू नयेत म्हणून?"

उत्तर देता आलं नाही. कारण भीती खरी होती आणि तिचं मूळ मला माहीत होतं.

माझा धाकटा भाऊ बासरी वाजवायचा. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मुंबईच्या शाखेत होतो, रात्री उशिराच्या लोकलने कर्जतला उतरायचो. एकदा घरी आलो तर हा जागा. म्हणाला, "दादा, एक धून बांधतोय. अर्धीच झालीय. ऐकतोस?" मी पायातले बूटही काढले नव्हते. त्याने वाजवली. मी म्हणालो, "कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते," आणि पाटावर जाऊन बसलो. बोललो ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर त्याने स्वतःचं असं काही माझ्यापुढे वाजवलं नाही. गाणी वाजवली, आरत्या वाजवल्या, स्वतःचं नाही. आपण दुसऱ्याला जे केलं तेच आपल्या वाट्याला येईल, ही माझी भीती होती.

मग मी श्रीमद्भागवताचा अकरावा स्कंध पुन्हा काढला. यदुराजाला अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, ते प्रकरण. पहिल्यांदा मला हवे तेच साक्षीदार सापडले. एक ती कुमारी. कांडताना बांगड्या वाजतात म्हणून एकेक काढत गेली आणि हातात एकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. दुसरा बाण करणारा कारागीर. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही. म्हटलं, बघा! एकट्याने आणि गुपचूप करावं, असंच अवधूत सांगतात.

पण पुढे नजर कुरर पक्ष्यावर थांबली. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. माझ्या चोचीतला तुकडा म्हणजे "माझी धून". कोणी टोचलं तर ते धुनेला टोचणार नव्हतं, त्या "माझी"ला टोचणार होतं. आणि कुमारीसुद्धा एकांतात कांडत होती ती पाहुण्यांच्या जेवणासाठीच. एकांत कामापुरता; काम मात्र दुसऱ्यासाठी. शिवाय ज्याने पृथ्वीपासून कोळ्यापर्यंत सगळ्यांना गुरू केलं, त्या अवधूताच्या भक्ताने मंडळातल्या पखवाजवाल्याला विचारायला लाजावं, हे कसं शोभेल?

याच स्कंधावर नाथमहाराजांनी एकनाथी भागवत लिहिलं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी थोर दत्तभक्त. परंपरा सांगते, की पैठणला लिहिलेले सुरुवातीचे अध्याय ग्रंथ पुरा होण्याआधीच काशीला पोचले. भागवतावर मराठीत लिहितो हा कोण, म्हणून तिथले पंडित रागावले, नाथांना बोलावणं आलं. नाथ गेले, पंडितांसमोर बसले आणि उरलेला ग्रंथ काशीतच पूर्ण केला, शके 1495 म्हणजे इसवी सन 1573 मध्ये. अपुरं काम विरोधकांच्या हाती पडलं म्हणून त्यांनी ते गुंडाळून ठेवलं नाही.

आपल्या काळातलं उदाहरण पंडित शिवकुमार शर्मांचं. 1955 साली मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात, वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी संतूर वाजवलं. या वाद्यावर मींड निघत नाही, रागसंगीत त्याचं काम नव्हे, असं जाणकार म्हणाले. त्यांनी वाद्य सोडलं नाही आणि टीकाही फेकून दिली नाही. वर्षानुवर्षं तारांची मांडणी बदलत, वादनाची रीत बदलत, त्यांनी संतूरला मैफलीत जागा मिळवून दिली.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. आम्ही बँकवाले लहान माणसं, पण हे शहाणपण आमच्या कामातही होतं. व्हाउचर ज्याने लिहिलं त्यानेच ते पास करायचं नाही. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. संध्याकाळी मेळ बसला नाही की फरकाला नऊने भागून बघायचं. भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेले, 63 च्या जागी 36. ती चूक मी तासभर शोधायचो. शेजारचा मिनिटात बोट ठेवायचा. तो हुशार होता असं नाही. आपला डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, एवढंच. यात कोणावर अविश्वास नसतो.

आश्विनात शेवटी मंडळापुढे वाजवली. तिघे "वा, वा" म्हणाले. त्याचा उपयोग शून्य. पखवाजवाले मात्र म्हणाले, "भाऊ, ही तुम्ही बसून बांधलीय. पालखी चालते. पेटी गळ्यात अडकवून देवळाला एक फेरी मारा." मारली. देवळामागच्या पायरीवर तोल सांभाळताना भात्यावरचा हात थांबला, आणि ज्या वरच्या षड्जाचा मला अभिमान होता तो तिथेच विरून गेला. सात महिने बंद खोलीत जे कळलं नाही ते एका प्रदक्षिणेत कळलं.

मग खोपोलीला भावाकडे गेलो. आधी त्या रात्रीचं बोललो. तो म्हणाला, "आठवतंय." एवढंच. धून ऐकून म्हणाला, "दादा, उतरताना पंचमावर थांब. पालखीही कोपऱ्यावर थांबतेच की." अंतरा सुटला! मी म्हटलं, "आता तुझी ती वाजव." त्याने कपाटावरून बासरी काढली, पुसली, पहिली ओळ वाजवली आणि थांबला. "पुढचं विसरलो," म्हणाला. ते नुकसान कुठल्या खात्यातून भरून काढणार?

कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात, म्हणून आम्हाला त्यांची विशेष आपुलकी! ती ढकलतात, घाट चढवतात आणि वर सुटी होतात. गाडी आपल्या नावाने पुढे जाते. अर्धवट काम ऐकणाऱ्याने असं व्हावं. निकाल देऊ नये. कुठे अडलंय ते विचारावं, तिथे बोट ठेवावं आणि बाजूला व्हावं. आणि दमलेले असू तर सरळ सांगावं, "आज नको, उद्या बसून ऐकतो." मी त्या रात्री एवढंच म्हणायला हवं होतं.

नैवेद्याचा नियम मी अजून पाळतो. पण आता कळतं, की तो आपल्या जिभेच्या लोभाला आहे. चुलीशी दुसऱ्याची मदत घ्यायला त्याने कधी मनाई केली नव्हती. यंदा पालखीत धून वाजेल. शेवट अजून मनासारखा बसलेला नाही. कोपऱ्यावर पालखी थांबेल तेव्हा भक्तांनी कान द्यावा, आणि प्रसाद घेताना काय खटकलं ते जरूर सांगावं. बासरीला भावाला बोलावलं आहे. "बघू," म्हणालाय.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥