न चालता गाठलेला तळ

"तुम्ही दोघी जाऊन या. मी इथंच बसतो."

बाबा हे म्हणाले तेव्हा परवाने काढून झाले होते, जीपच्या मागे पाण्याचे कॅन आणि आईने केलेल्या दशम्या ठेवून झाल्या होत्या, आणि फिनिक्सहून चार तास गाडी चालवून मी वैतागले होते.

गाव पीच स्प्रिंग्ज, ॲरिझोना. जुन्या रूट 66 वरचं एवढंसं गाव, पण वालापाय या आदिवासी जमातीचं मुख्य ठाणं. (स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे, तो गिळायचा. मी गिळला नव्हता, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी हसून दुरुस्त केलं.) इथून डायमंड क्रीक नावाचा कच्चा रस्ता निघतो आणि साधारण तीस किलोमीटरवर, हजारएक मीटर खाली उतरून, थेट कोलोरॅडो नदीच्या काठावर संपतो. ग्रँड कॅन्यन नदीच्या वाटेने मोजलं तर 446 किलोमीटर लांब आहे. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक सोडलं, तर आत नदीच्या काठापर्यंत आपली गाडी नेता येईल असा रस्ता हा एवढाच. बाकी सगळीकडे चालत जा, खेचरावर बसा, तराफ्यातून या, नाहीतर हेलिकॉप्टरचे पैसे मोजा.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डाव्या पायात जोर नाही. काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. म्हणून तर मी हा रस्ता शोधला होता.

"गाडीने खाली जाऊन काय पाहायचं?" ते म्हणाले. "ते पाहणं नव्हे."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

बाबा सातारकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. दर वर्षी सहल गडावर, आणि गड म्हणजे पायीच. 1999 साली, मी सातवीत असताना, सहल रायगडला गेली. रोपवे सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या वर्गात पोलिओने एक पाय अधू झालेला एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी रोपवेचे पैसे वेगळे देऊन ठेवले होते. बाबांनी ते परत केले. गड चढायचा तर सगळ्यांनी सारखा चढायचा, एकाला पाळणा आणि बाकीच्यांना पायऱ्या हे चालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलगा दिवसभर पाचाडला शिपाईकाकांबरोबर बसून राहिला. आम्ही संध्याकाळी उतरलो तेव्हा त्याने काकांकडून सगळ्या टोकांची नावं पाठ करून घेतली होती आणि आम्हालाच विचारत होता, टकमक टोक पाहिलंत का, हिरकणी बुरुज पाहिलात का.

बाबा दुष्ट नव्हते, आणि मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. नंतर मी स्वतः ट्रेकिंगच्या नादाला लागले, तेव्हा तर सिंहगडावर गाडीने येऊन भजी खाणाऱ्या लोकांना हसण्यात मी सगळ्यात पुढे. जागा कमवावी लागते, ही आमच्या घरातली श्रद्धा. ती देवळातल्या श्रद्धेपेक्षा पक्की होती, कारण ती श्रद्धा आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

शेवटी आईने निकाल लावला. "तीन माणसांचे पैसे भरलेत," ती म्हणाली. बाबा गाडीत बसले.

रस्ता सुरुवातीला पन्हळी पत्र्यासारखा आहे, दात वाजतात. मग दोन्ही बाजूंनी भिंती वर चढायला लागतात आणि आपण कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चाललोय की रस्त्यावरून, हे कळेनासं होतं. काटेरी ओकोटियोच्या छड्यांना एप्रिलमध्ये लाल तुरे आलेले असतात. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये ओढ्याला पाणी लागतं, आणि रस्ता सरळ त्या पाण्यात शिरतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पूल वगैरे भानगड नाही. काउंटरवरच्या बाईंनी बजावलं होतं, वर डोंगरात ढग दिसले तर विचार करत बसू नका, निघा. पावसाळ्यात इथे लोंढा येतो आणि रस्ता घेऊन जातो. मग तो पुन्हा तयार करायचा.

पहिल्या पाण्यापाशी मी थांबले, फोर-व्हील लो टाकलं आणि हळूहळू गाडी घातली. बाबा खिडकीतून चाकाकडे बघत होते. "डावीकडे घे, तिकडं बारीक खडे आहेत, पाणी उथळ असणार," ते म्हणाले. हे बरोबर निघालं. पुढच्या प्रत्येक ओलांडणीला तेच सांगत होते आणि मी तेच करत होते.

एडवर्ड ॲबी नावाच्या लेखकाने या रस्त्यावर आम्हाला दारातूनच हाकललं असतं. हा 1950 च्या दशकात युटामधल्या आर्चेसला रेंजर होता. 1968 च्या 'डेझर्ट सॉलिटेअर'मध्ये त्याने राष्ट्रीय उद्यानांतून मोटारी हद्दपार करा असं भांडून सांगितलं. चालत या, सायकलने या, घोड्यावर या, मोटार बाहेर ठेवा. मग म्हाताऱ्यांचं आणि आजाऱ्यांचं काय, हा प्रश्न तो स्वतःच काढतो आणि त्यांच्यावर फारशी दया खर्च करायची गरज नाही असं सांगून मोकळा होतो. मी हे चोविसाव्या वर्षी वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते. काय बिनधास्त माणूस आहे, असं वाटलं होतं. त्याच पुस्तकात तो मित्राच्या लँड रोव्हरमधून एका अवघड घाटाने खाली उतरून 'मेझ'च्या प्रदेशात जातो, हे तेव्हा माझ्या डोळ्यांवरून सरकून गेलं.

पण ॲबीला नुसतं ढोंगी म्हणून सोडता येत नाही. त्याचा मुद्दा खरा आहे. आमच्या एका जीपने कॅन्यनचं काही बिघडत नाही. बिघडतं ते 'प्रत्येकाला गाडीने जाता आलं पाहिजे' या नियमाने, कारण तो नियम कुठे थांबत नाही. एका ओढ्यातून रस्ता काढला की शेजारच्या ओढ्याने काय पाप केलंय? आपल्याकडे गडांवर हे रोज बघतो: वृद्धांसाठी म्हणून सोय होते आणि रविवारी तिच्या रांगेत पंचवीस वर्षांची धडधाकट पोरं उभी असतात. त्या दिवशी जीपमध्येही दोन धडधाकट बायका होत्याच. मला कॅन्यनच्या तळाशी पायी जाता येतं, ब्राइट एंजलच्या वाटेने मी जाऊन आलेय. तरीही मी एसी लावून उतरत होते, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

तेव्हा 'सगळ्यांनी असंच केलं तर?' हा प्रश्न मला टाळता येत नाही. फक्त तो विचारताना 'सगळ्यां'मध्ये मी कोणाला धरते, हे मला पूर्वी दिसत नव्हतं. ब्राइट एंजलच्या वाटेवर भेटलेली माणसं डोळ्यांसमोर आणली तर जवळजवळ सगळी माझ्यासारखी: चांगले बूट, रजा मिळणारी नोकरी, काही झालं तर विमा, आणि न कुरकुरणारे गुडघे. यातलं आम्ही कमावलेलं किती? चालण्याचे कष्ट खरे आहेत. ते मला काहीतरी देतात, त्याबद्दल मी कोणाशीही भांडेन. पण मला मिळालेली ती गोष्ट दुसऱ्याला अडवायची पावती कशी होते? रायगडच्या पायथ्याशी बसलेल्या पोराने कष्ट चुकवले नव्हते. सकाळी बसच्या पायऱ्या चढण्यातच त्याचे आमच्याहून जास्त कष्ट झाले असतील.

आणि 'अडवायचं' म्हणजे कोणी? हा रस्ता राष्ट्रीय उद्यानाचा नाहीच. तो वालापायांचा आहे.

1858 साली लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्ज अमेरिकन सैन्याची एक तुकडी घेऊन याच डायमंड क्रीकने खाली उतरला. वाट दाखवायला वालापाय होते. अहवालात त्याने लिहिलं की हा प्रदेश कवडीमोलाचा आहे, इथे येणारे आम्ही पहिलेच गोरे आणि बहुधा शेवटचेही. 1874 मध्ये सैन्याने वालापायांना इथून हुसकावून खाली नदीकाठच्या ला पाझला नेलं. त्या उष्णतेत आणि उपासमारीत कित्येक मेले, उरलेले पुढच्या वर्षी पळून परत आले. 1883 मध्ये राखीव क्षेत्र मिळालं. आणि लगेच 1884 मध्ये, रेल्वे पीच स्प्रिंग्जला पोचलेली असल्यामुळे, या ओढ्याच्या खालच्या अंगाला ग्रँड कॅन्यनमधलं पहिलं हॉटेल निघालं. पर्यटक घोडागाडीतून धक्के खात उतरायचे. म्हणजे शेवटचे पाहुणे येऊन गेल्यावर सव्वीस वर्षांत हॉटेल! आज जिथे लोक पायी जाण्याची शेखी मिरवतात, त्या साउथ रिमला रेल्वे पोचायला अजून सतरा वर्षं होती.

पुढची गोष्ट मला जास्त अडचणीची वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यावर डायमंड क्रीकच्या थोडं खाली ब्रिज कॅन्यन धरण बांधायची योजना होती. झालं असतं तर आम्ही जिथे दशम्या खाल्ल्या ती जागा पाण्याखाली असती. सिएरा क्लबने 1966 मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन रान उठवलं, आणि 1968 मध्ये काँग्रेसने धरण वगळून कायदा केला. पर्यावरणाच्या चळवळीतला हा मोठा विजय मानतात. मीही मानते. पण वालापायांना ते धरण हवं होतं. त्यातून उत्पन्न आणि रोजगार मिळणार होता, त्यासाठी त्यांनी वाटाघाटी केल्या होत्या, धरणाला त्यांचं नाव देण्याचंही ठरत होतं. मग दरी वाचली ती कोणासाठी? मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचं बिल दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलं. धरण व्हायला हवं होतं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. पण मी काउंटरवर दिलेली फी मला त्या दिवशी सकाळी महाग वाटली होती, आणि ते आठवून आता कानकोंडं व्हायला होतं.

तळाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. नदी वाटली होती त्यापेक्षा रुंद आणि आवाजी. समोरचा खडक काळा, त्यात गुलाबी शिरा. बाबांना खुर्ची टाकून दिली. त्यांनी बराच वेळ खडकाकडे पाहिलं आणि मग आईला शिकवायला सुरुवात केली: आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, हा खालचा खडक पावणेदोनशे कोटींच्या घरातला, म्हणजे आपला अगदीच कालचा. आई दशमीला चटणी लावत "हो का" म्हणत होती.

तेवढ्यात तराफ्यांचा एक ताफा काठाला लागला. वरून लीज फेरीपासून दोन आठवडे वल्हवत आलेली माणसं, उन्हाने भाजलेली, दाढ्या वाढलेली. त्यांना न्यायला ट्रक उभा होता. सव्वादोनशे मैल निसर्गात काढून तीही आता आमच्याच रस्त्याने वर जाणार होती. त्यातल्या एकाने आमच्या जीपकडे पाहिलं, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती नजर मला ओळखीची होती. सिंहगडावर मी ती कितीतरी लोकांना दिली होती.

बाबांनी पाय पाण्यात घालायचे म्हटले. आम्ही दोघींनी धरून त्यांना ओढ्याच्या मुखाशी नेलं, तिथे पाणी उथळ आणि कोमट असतं. नदीत मात्र ते बर्फासारखं, वरच्या धरणाच्या पोटातून आलेलं. ते काठीवर भार देऊन उभे राहिले.

"तो तुझ्या वर्गातला," ते एकदम म्हणाले. "पाचाडला बसलेला. आता काय करतो?"

मी म्हटलं, कराडला बँकेत आहे. मुलगी दहावीला.

"रायगड पाहिला असेल ना त्यानं नंतर?"

"माहीत नाही, बाबा."

ते काही बोलले नाहीत. डोंगरावर ढग नव्हते, तरी मी घाई केली, कारण अंधारात ते पाणी मला ओलांडायचं नव्हतं. परतताना ते चाकाकडे बघत नव्हते. पीच स्प्रिंग्जजवळ फोनला रेंज आली तेव्हा म्हणाले, "त्याचा नंबर आहे का तुझ्याकडं?"

शाळेच्या ग्रुपवर होता. मी पाठवला. त्यांनी फोन केला की नाही, मी विचारलेलं नाही.