न दिलेले घेणे

फाइलची नक्कल केली तरी मूळ फाइल जागेवरच राहते, मग चोरी कसली, हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. जैनांचे अचौर्यव्रत त्याला थारा देत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात न दिलेले घेणे हीच चोरी. मालकाचे काय घटले, हा प्रश्नच तिथे नाही. पण ही फूटपट्टी एकट्या ग्राहकालाच का लावायची? जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलची विकलेली पुस्तके दुरूनच पुसली. त्यातले एक, योगायोग पाहा, ‘१९८४’ होते. प्रकाशकाकडे हक्क नव्हते आणि पैसे परत दिले, हे खरे. करारात फक्त वाचायचा परवाना होता, असेही म्हणतील. मग बटणावर ‘विकत घ्या’ कशाला लिहायचे? दिलेले न विचारता काढून घेणे हेही न दिलेले घेणेच. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली.

फाइलची नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप नसेल तर लेखक-कलावंत जगणार कसा, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरी ॲपलने २००९ मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरचे कुलूप काढले, आणि गाणी विकली जातच राहिली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ‘६५अ’ हेसुद्धा हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच शिक्षा सांगते. स्वतः विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्या यंत्रावर वाचणारा माणूस चोर नव्हे.