पत्ता नसलेल्या घरांची नोंद

अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक विद्यापीठांत हल्ली सत्राअखेरच्या निबंधाऐवजी वेगळेच काम सांगितले जाते. विकिपीडियावरचा एखादा तोकडा लेख निवडायचा, त्या विषयावरची पुस्तके आणि शोधनिबंध वाचायचे आणि लेख सुधारून द्यायचा. २०१० मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेल्या या उपक्रमातून पुढे ‘विकी एज्युकेशन’ ही संस्था उभी राहिली. समाजकार्य किंवा स्त्री-अभ्यास शिकणाऱ्या विद्यार्थिनीने यात स्त्रियांच्या निवारागृहांवरचा लेख घेतला, तर तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते? शुद्धलेखन आणि तारखा हा त्यातला किरकोळ भाग. खरी अडचण इतिहासाच्या पहिल्याच ओळीपाशी येते.

ही ओळ बहुधा लंडनमध्ये सुरू होते. १९७१ साली एरिन पिझ्झी यांनी तिथल्या चिझिक भागात एक घर उघडले. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बायका पोरांना घेऊन तिथे येऊ लागल्या आणि जागा अपुरी पडू लागली. तीन वर्षांनी सिडनीच्या ग्लीब उपनगरात अ‍ॅन समर्स आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया ओस पडलेल्या दोन घरांत सरळ घुसल्या, दारांची कुलपे बदलली आणि ‘एल्सी’ हे निवारागृह सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट पॉल येथे ‘विमेन्स अ‍ॅडव्होकेट्स’चे घर उघडले. या साऱ्यावर वर्तमानपत्रांनी लिहिले, त्या स्त्रियांनी स्वतःही लिहिले. विकिपीडियावर प्रत्येक विधानाला संदर्भ लागतो. त्यामुळे ज्यांचे कागद सहज सापडतात, त्यांच्यापासूनच गोष्ट सुरू होते.

पण त्याआधी बायका पळून जातच नव्हत्या का?

जपानमध्ये कामाकुरा येथे १२८५ साली स्थापन झालेला तोकेइजी हा मठ आहे. नवऱ्याचे घर सोडून आलेली बाई तिथे ठरावीक काळ राहिली, की तिला काडीमोड मिळत असे. मेइजी राजवटीत कायदे बदलेपर्यंत, म्हणजे कित्येक शतके, ही वाट उघडी होती.

आणि पुणे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी विधवेला दिवस गेले, तर गर्भ पाडणे, मूल मारणे किंवा स्वतः जीव देणे एवढेच तिच्यापुढे उरत असे. फुल्यांच्या घरी तिने गुपचूप यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे, अशी सोय होती. १८८४ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरील टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या घराचा हिशेबही मांडला. तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. मुले जगली पाच, दगावली तीस. दिवस गेल्याचे लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाली, हे कारणही त्यांनी लिहिले आहे. दोन दशकांच्या कामाचे असे उघडे हिशेब संस्थांच्या कागदांत फार थोडे मिळतात. जोतीरावांना त्यात स्वतःचे काम मिरवायचे नव्हते, सक्तीचे वैधव्य काय करते ते सरकारला आणि समाजाला दाखवायचे होते.

एवढे हाती लागल्यावर ‘जगातले पहिले निवारागृह पुण्यात’ असे लिहून टाकण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरलाच पाहिजे. चिझिकला येणारी बाई नवऱ्याच्या हातापासून पळत होती, फुल्यांकडे येणारी बाई साऱ्या समाजापासून. दोन्ही घरांना एकाच परंपरेत बसवायचे की नाही, हे अभ्यासकांनी मांडायचे, विकिपीडियाच्या लेखात स्वतःचे संशोधन चालत नाही. हा नियम जाचक वाटला तरी रास्त आहे. ज्या लेखात कोणीही भर घालू शकतो, तिथे अभिमानाला एवढा तरी बांध हवा.

या नियमाला एक मोठी मोकळीकही आहे. संदर्भ इंग्रजीतच हवा, अशी अट नाही. पंडिता रमाबाईंविषयी इंग्रजीत विपुल सामग्री आहे. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडण्याआधीच बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी संघटना उभी राहिली होती, आणि पुढे मीरा कोसंबी यांच्यासारख्या विदुषीने त्यांच्या कामाचा सखोल वेध घेतला. मुख्यतः मराठीत नोंदल्या गेलेल्या कामांचे तसे नाही. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी काढलेला बालकाश्रम घ्या, किंवा धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम. मराठी वाचणारी विद्यार्थिनी, मग ती पुण्यात असो की टोरांटोत, इथे असे काही देऊ शकते जे तिच्या वर्गातल्या इतरांना देता येणार नाही.

निष्पक्षपणाची कसोटी पिझ्झींपाशी लागते. बायकाही हिंसक असू शकतात, असे त्या पुढे सांगू लागल्या आणि स्त्री-चळवळीशी त्यांचे बिनसले. त्यांचे मत पटो वा न पटो, पायाभरणीचे श्रेय आणि नंतरचा वाद, दोन्ही लेखात यायला हवे. यातले एक गाळणे सोपे असते, आणि विद्यार्थिनीच्या मनाची तयारी तिथेच दिसते.

सगळ्यात अवघड प्रश्न पत्त्याचा. ज्ञानकोशाला ठावठिकाणा हवा असतो, निवारागृहाला तो लपवावा लागतो. आपल्याकडे घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या २००६ च्या नियमांतच तरतूद आहे, की पीडित स्त्रीची इच्छा असेल तर ती तिथे असल्याचे निवारागृहाने उघड करू नये. एखाद्या जुन्या बातमीत पत्ता छापलेला असला, तरी तो लेखात घालू नये, याबद्दल शंका नको. मात्र बंद दाराआड दुसरेही घडते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या चमूने बिहारमधल्या आश्रयगृहांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार बाहेर आले आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. म्हणून पत्ता झाकावा, पण पैसा कोण देतो, तपासणी कोण करतो आणि तिथल्या बाईला तक्रार कुठे करता येते, हे सारे लिहावे.

पुण्याने या कामातला धोकाही पाहिला आहे. २०११ मध्ये इथल्या काही महाविद्यालयांत असाच उपक्रम झाला. विद्यार्थ्यांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, तो काढता काढता जगभरचे स्वयंसेवक थकले आणि उपक्रम गुंडाळावा लागला. दोष फक्त मुलांचा नव्हता. पाठ्यपुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले तर पैकीच्या पैकी गुण, अशा शाळेतून ती आली होती. वाचलेले बाजूला ठेवून स्वतःच्या वाक्यात मांडायचे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

ते शिकवायला निवारागृहांइतका चांगला विषय क्वचितच मिळेल. मराठी विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, एखाद्या वर्गाने सुरुवात २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यापासून करावी. सहावे कलम सांगते, की पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली, तर निवारागृहाच्या प्रमुखाने तिला आश्रय द्यायलाच हवा. सतरावे कलम तिला त्याच सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, ज्यातून तिला हाकलले जाते. ही दोन कलमे सोप्या मराठीत, कायद्याच्या मजकुराशी ताडून लिहावीत. मग जिल्ह्यातल्या जुन्या संस्थांच्या स्मरणिका आणि अहवाल ग्रंथालयातून काढावेत आणि पानाच्या क्रमांकासह एकेक विधान चढवत जावे.