दानशूर गुन्हेगार आणि हिशेबाची वही

अल्लाह पाक आहे आणि जे पाक आहे तेच तो स्वीकारतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही आपल्या घरांत आणि मोहल्ल्यांत एक वाक्य सर्रास ऐकू येते : "माणूस वाईट धंद्यातला खरा, पण गोरगरिबांना फार देतो." या 'पण'मध्ये केवढा धोका दडला आहे, हे समजून घेण्यासाठी एका जगप्रसिद्ध टोळीप्रमुखाचे जीवन पाहू या.

अल कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील इटलीहून आलेले, केस कापून प्रपंच चालवणारे. कष्टाच्या भाकरीचा आदर्श घरातच होता. मुलाने मात्र कोवळ्या वयात शाळा सोडून गल्लीतील टोळ्यांची सोबत धरली. पुढे तो शिकागोला गेला. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि चोरट्या दारूला सोन्याचे मोल आले. १९२५ साली, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, दारू, जुगार आणि वेश्याव्यवसाय यांचे मोठे जाळे त्याच्या हाती आले. पोलीस आणि राजकारणी पैशाने बांधले गेले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये ७ माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. संशय कपोनच्या टोळीवर होता. पण तो स्वतः त्या दिवशी दूर फ्लोरिडात होता. या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

कपोन स्वतःला गुन्हेगार मानत नसे. लोकांची मागणी पुरवणारा व्यापारी, असे तो स्वतःला म्हणवून घेई. इस्लामने ही पळवाट मोकळी ठेवलेली नाही. प्रेषितांनी (स.) केवळ दारू पिणाऱ्याचा नव्हे, तर ती गाळणाऱ्याचा, वाहणाऱ्याचा, विकणाऱ्याचा आणि तिची किंमत खाणाऱ्याचाही धिक्कार केला आहे.

मग आर्थिक मंदी आली. लाखो लोक बेकार झाले. १९३० साली कपोनने शिकागोत बेकारांसाठी मोफत अन्नछत्र उघडले. रांगा लागल्या, वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली आणि लोक त्याला दुवा देऊ लागले. भुकेल्याने तो घास खाल्ला, यात त्याचा दोष नाही. परंतु त्या चुलीखाली सरपण कशाचे होते? दारूने आणि जुगाराने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचे! एकाच्या ताटातून ओरबाडलेले दुसऱ्याच्या ताटात वाढणे, याला दान म्हणत नाहीत.

बंधू-भगिनींनो, अखेर तो पकडला गेला कशात? खुनांत नव्हे. छाप्यात जप्त झालेल्या कागदपत्रांत एका जुगारखान्याच्या हिशेबाची वही होती. त्याच्याच धंद्यातल्या कारकुनाचे अक्षर त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. १९३१ साली करचुकवेगिरीबद्दल त्याला ११ वर्षांची कैद आणि ५० हजार डॉलर दंड झाला. एका कारकुनाची वही एवढे करू शकते, तर कुरआनने सांगितलेल्या त्या कर्मनोंदीचे काय, जिच्यातून लहान-मोठे काहीही सुटत नाही? तेथे तोंडांवर मोहर लागेल आणि हात-पाय बोलतील.

प्रेषितांनी (स.) आपल्या अनुयायांना खरा दिवाळखोर कोण, हे समजावले आहे. नमाज, रोजे, जकात घेऊन तो हजर होईल. पण कोणाचा माल खाल्लेला, कोणाचे रक्त सांडलेले असेल. त्याची पुण्ये एकेका हक्कदाराला वाटली जातील आणि ती संपली की हक्कदारांची पापे त्याच्या माथी येतील. नमाज-रोजांची ही गत, तर हरामाच्या पैशातील खिचडीची काय कथा!

कपोनला १९३९ साली सोडण्यात आले, तेव्हा गुप्तरोगाने त्याचा मेंदू पोखरला होता. २५ जानेवारी १९४७ रोजी, ४८ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. आजार ही शिक्षाच होती, असा निवाडा आपण करू नये. आजार भल्या माणसांनाही येतात. बोध इतकाच की माणसाची स्मरणशक्ती जाते, नोंद जात नाही.

आता आपल्या घराकडे वळू या. टोळीप्रमुखांवरचे चित्रपट आपली मुले पाहतात. त्यापेक्षा अधिक ती आपले बोलणे ऐकतात. मशिदीची वर्गणी घेताना, मुलीसाठी आलेले स्थळ पारखताना 'पैसा किती' हे आपण विचारतो. 'पैसा कोठून' हेही विचारतो का? रिक्षा चालवून प्रामाणिकपणे घर पोसणाऱ्या बापाला मुलांसमोर मान दिला, तर त्या मुलांना वेगळा नायक शोधावा लागणार नाही.

तौबेचे दार मात्र कोणासाठीही बंद नाही. ९९ खून करून पुढे शंभरावाही खून केलेल्या माणसाची हकीकत प्रेषितांनी (स.) सांगितली आहे, पापाची वस्ती सोडून तो चालू लागला आणि वाटेतच मरण येऊनही कृपेस पात्र ठरला. पण तौबा म्हणजे अन्नछत्र नव्हे. तौबा म्हणजे ती वस्ती सोडणे, पश्चात्ताप करणे आणि ज्याचे घेतले त्याला ते परत करणे.

हे अल्लाह, आम्हाला थोडी का होईना, हलाल रोजी दे आणि आमच्या मुलांच्या मनात तिची प्रतिष्ठा रुजव. आमीन.