सोयीचे रोप

मोहरीच्या कुळात बहुतेकांना काम आहे. मोहरी फोडणीला लागते, कोबी भाजीला, मुळा कोशिंबिरीला. अरॅबिडॉप्सिस थॅलियाना कशालाच लागत नाही. युरोपात ते भिंतीच्या फटीत, रेताड शेताच्या कडेला आपसूक उगवते. वीतभर दांडा, चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुले. ती नीट पाहायची तर जमिनीवर बसावे लागते.

जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात योहानेस थाल या वैद्याने ते टिपून ठेवले. थाल १५८३ मध्ये गेला, पुस्तक निघाले १५८८ मध्ये. रोपाला त्याचे नाव मिळाले ते १७५३ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या हातून. कीर्तीला घाई नसते. घाई माणसाला असते.

२००० साली एका वनस्पतीचा जनुकसंच पहिल्यांदा वाचून झाला, तो याच तणाचा. गहू, भात मागे राहिले. निवडीत गुणापेक्षा सोय अधिक होती. सहा आठवड्यांत बियाचे बी. जागा थोडी लागते. परागासाठी दुसऱ्याच्या दारी जायला नको. गुणसूत्रांच्या जोड्या पाचच.

घरातही जो कुरकुरत नाही, त्याच्याकडेच सारे येते. आपण याला विश्वास म्हणतो. त्याला विचारून कोणी म्हणत नाही. (हे मला फार उशिरा सुचले.)

जनुकांची नावे ठेवण्याची तऱ्हाही विलक्षण. एक जनुक बिघडवायचे आणि रोपाचे काय बिनसते ते पाहायचे. एक बिघडले तेव्हा फुलात पुंकेसर आले नाहीत, स्त्रीकेसरही नाहीत. त्या जनुकाचे नाव पडले अगॅमस, म्हणजे जननेंद्रियांवाचून. जे फुलाला पूर्ण करते, त्याला नाव लाभले ते त्याच्या गैरहजेरीतल्या उणिवेचे. हयातीत त्याच्या कामाला नावच नव्हते. असे माणूस प्रत्येक कुटुंबात एखादे तरी असते.

चंद्रावरून आणलेली माती पन्नासएक वर्षे जपून ठेवली होती. तिच्यात काही उगवते का, हे पाहण्यासाठीही हेच बी पेरले गेले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-अडीच दिवसांत सारे बी रुजले. पुढे मुळे खुरटली, वाढ मंदावली, काही पाने तांबूस-जांभळी पडली. जगणे जड जात असल्याची ती खूण. विसाव्या दिवशी रोपे काढून, चुरून तपासणीला घेतली.

ती फुलायच्या बेतात होती.