स्कूटरचा सातबारा

नवी गाडी घेताना आपण नेमकं काय विकत घेतो? प्रश्न भाबडा वाटेल. पैसे भरले, चावी हातात आली, आरसीवर नाव लागलं, दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ घातली, की गाडी माझी. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आत्ता-आत्तापर्यंत नव्हतंच. पण गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर बघितल्या की या 'माझी'चा अर्थ पुन्हा तपासावासा वाटतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हौसेनं गाड्या बघतो, चालवतो, त्यांच्यावर नको तितकं बोलतो. ही दोन जगं इतकी वर्षं वेगळी होती. आता ती एकाच सीटखाली येऊन बसली आहेत.

2024ची बजाज चेतक अर्बेन घ्या. साध्या गाडीचा टॉप स्पीड ताशी 63 किलोमीटर. जास्तीचे पैसे भरून 'टेकपॅक' घेतला की 73. मोटर तीच, बॅटरी तीच, चाकंही तीच. म्हणजे वरचे दहा किलोमीटर गाडीत आधीपासूनच आहेत, फक्त त्यांना कुलूप आहे. एथरचा 'प्रो पॅक'ही याच जातीचा. पैसे भरा, गाडीतल्याच आणखी काही सोयी जाग्या होतील.

आमच्या धंद्यात याला फीचर फ्लॅग म्हणतात. नवी सोय सगळ्यांच्याच फोनमध्ये पोचवायची, आणि ती कुणाला दिसावी, कुणाला नाही, हे एका हो-नाहीच्या खुणेवर सोडायचं. असे फ्लॅग मी आठवड्याला दोन-तीन तरी लिहितो आणि मला रात्री शांत झोप लागते. मग तोच प्रकार स्कूटरमध्ये दिसला की काहीतरी टोचतं, ते का?

पहिलं उत्तर सुचतं ते 'फसवणूक' हे. पण ते टिकत नाही. माहितीपत्रकात 63 लिहिलंय, तुम्ही 63चे पैसे दिलेत, तुम्हाला 63 मिळाले. ज्याला रोज घर ते स्टेशन एवढंच जायचंय त्याला कमी पैशात गाडी मिळते, ज्याला हौस आहे तो जास्त मोजतो. यात कुणाचं नुकसान नाही. उलट एकच गाडी बनवून दोन किमतींना विकता येते म्हणून स्वस्तातली गाडी स्वस्त राहते, असंही म्हणता येईल. मला हा युक्तिवाद मान्य आहे. कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न किल्लीबद्दल आहे. कारण विक्री होऊन गेल्यावरही ती किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात असते.

1994 साली हिरो होंडा स्प्लेंडर आली. ती शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली की कंपनीचा तिच्यावरचा हात सुटायचा. वॉरंटी असायची, सर्व्हिसिंगचं कार्ड असायचं, पण गाडीनं उद्या कसं वागायचं हे कंपनी ठरवू शकत नव्हती. ते ठरायचं गाडीवाला आणि कोपऱ्यावरचा गॅरेजवाला यांच्यात. यामाहा आरएक्स 100 तर 1996 मध्येच बंद झाली, तरी आजही लोक तिला जपून आहेत. कार्बोरेटर उघडायचा, जेट बदलायचे, प्लग घासायचा, आणि नुसत्या आवाजावरून 'हवा जास्त होतीये' म्हणून सांगायचं. गाडी ज्यानं बनवली त्याच्याइतकीच ती ज्यानं उघडली त्याची व्हायची.

मालकीचा हा एक जुना आणि भक्कम अर्थ आहे. इंग्लंडच्या जॉन लॉकनं सतराव्या शतकात मांडलं की माणूस एखाद्या वस्तूत स्वतःचे श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. आपल्याला लॉकपर्यंत जायचीही गरज नाही. 'कसेल त्याची जमीन' हे आपण लहानपणापासून ऐकलंय. कूळ कायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. कागदावर नाव कुणाचं यापेक्षा घाम कुणाचा हे मोठं, असं इथे कायद्यानं मान्य केलं.

हेच माप गाड्यांना लावलं तर उलटं चित्र दिसतं. सातबाऱ्यावर, म्हणजे आरसीवर, नाव आपलं आहे. पण कसायला बंदी आहे. हे एका दिवसात झालेलं नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 आलं, कार्बोरेटर जवळजवळ गेले, फ्युएल इंजेक्शन आलं आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पान्याशेजारी स्कॅनर लागायला लागला. इलेक्ट्रिक स्कूटरनं ती वाट पूर्ण केली. आता कंपनीच्या लॅपटॉपशिवाय बिघाड वाचताही येत नाही. जमिनीचा मालक कूळ व्हावा तसं काहीसं आपलं झालंय. आपण आपल्याच स्कूटरचे कूळ.

इथे जुन्याचे गोडवे गायचा मोह होतो, तो आवरायला हवा. आरएक्स 100 धूर ओकायची. कार्बोरेटर गेले ते हवा स्वच्छ व्हावी म्हणून, आणि ते योग्यच झालं. बॅटरीचं तर आणखी वेगळं आहे. 2022 च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. लिथियमचा पॅक म्हणजे कुणीही पाना घेऊन उघडावा अशी वस्तू नाही. तिथे कुलूप असलंच पाहिजे. शिवाय दूरवरून होणाऱ्या अपडेटमधून खरोखर चांगलंही घडतं. ओला एस1 15 ऑगस्ट 2021 ला जाहीर झाली. तिचा क्रूझ कंट्रोल 2022 मध्ये, लोकांच्या घरी उभ्या असलेल्या गाड्यांत, सॉफ्टवेअरच्या वाटेनं आला. विकत घेतलेली गाडी वर्षभरानं सुधारते हे स्प्लेंडरला कधी जमलं नसतं. (आधी सांगितलेलं वर्षभरानं देणं याला सुधारणा म्हणायचं का, हा वेगळा वाद आहे.)

आणि मालकी पूर्वी तरी कुठे अखंड होती? कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचं नाव असतंच. गाडी हप्ते फिटेपर्यंत तारण. तरी यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. पण गाडी तारण असेल किंवा भाडेकरारावर असेल, तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. पैसे कुणाचे हे कायदा विचारत नाही, ताबा कुणाचा हे विचारतो. याला कारण आहे. गाडी रस्त्यावर जाते, माणसाला धडकू शकते, आणि तेव्हा कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. ज्याच्या हातात गाडी, त्याच्यावर जबाबदारी.

माझा मूळ प्रश्न इथे येऊन थांबतो. ताबा म्हणजे आता काय? हँडल माझ्या हातात आहे, पण गाडी सुरू होणार की नाही हे सर्व्हरवरच्या एका ओळीत असेल, तर ताबा कुणाचा?

2023 च्या जुलैमध्ये ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही इलेक्ट्रिक सायकलींची कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या सायकली फोनवरून उघडायच्या आणि त्यासाठी लागणारी किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून यायची. सर्व्हर बंद पडले तर पूर्ण पैसे मोजलेली सायकल दारात उभी राहून परकी होईल, अशी लोकांना धास्ती बसली. शेवटी काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनं त्या किल्ल्या आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवायचं ॲप काढलं. स्प्लेंडरवाल्याला 'कंपनी बुडाली तर माझी गाडी चालू होईल का' हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता तो शहाणा प्रश्न झालाय.

पण कंपनी बुडणं ही अपवादाची गोष्ट. मला जास्त अस्वस्थ करतं ते रोजचं. शहरात डिलिव्हरी करणारी कितीतरी मुलं भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर चालवतात. अशा गाड्यांत जीपीएस असतं आणि भाडं थकलं तर गाडी दूरवरून बंद करायची सोयही असू शकते. चोर पळाला तर गाडी थांबवणारी सोय आणि भाडं थकलेल्या मुलाला थांबवणारी सोय एकच. कोडच्या लेखी दोघांत फरक नाही. एक तारीख, एक रक्कम, एक अट. अट खोटी ठरली की मोटरला वीज नाही.

पूर्वी हप्ता थकला की वसुलीवाला यायचा. त्या माणसाला मी देवदूत ठरवणार नाही. शिव्या, धमक्या, शेजाऱ्यांसमोर पाणउतारा हे सगळं व्हायचं आणि अजूनही होतं. बँकांनी वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाला 2007 मध्ये सुनवावं लागलं. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं वसुलीच्या फोनची वेळसुद्धा बांधून दिली: सकाळी 8 च्या आधी नाही, संध्याकाळी 7 नंतर नाही. त्यामुळे कुणी म्हणेल की गुंडापेक्षा कोड बरा. तो शिवी देत नाही, दारात तमाशा करत नाही, गुपचूप गाडी बंद करतो. हा मुद्दा हलका नाही. अपमान ही खरी जखम असते आणि कोड ती करत नाही.

तरीही मला वसुलीवाल्यात एक गोष्ट दिसते जी कोडमध्ये नाही. त्याला 'थांबा' म्हणता येतं. 'आई दवाखान्यात आहे, दोन दिवस द्या.' तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. पण ऐकणं त्याला शक्य असतं, आणि नाही ऐकलं तर ते त्याचं वागणं असतं. त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, त्याच्यासाठी 8 ते 7 चा नियम करता येतो. कोडविरुद्ध तक्रार कुणाची करायची? गाडी बंद पडली की ती बिघडली की बंद केली गेली, हेही चालवणाऱ्याला कळेलच असं नाही. ॲपमधल्या मदतीच्या खिडकीत टाइप केलं तर उत्तर देणाराही बहुतेक वेळा कोडच.

कुणी म्हणेल, नियम सर्वांना सारखा लागू होतो, हाच तर न्याय. पण न्यायाची आपली कल्पना नुसत्या सारखेपणाची नाही. शिक्षेआधी बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, हा न्यायाचा अगदी पायाचा नियम आहे. आपोआप बंद पडणाऱ्या गाडीत निकाल आणि अंमलबजावणी एकाच क्षणी होते, मध्ये बाजू मांडायला जागाच उरत नाही. ती अट लिहिणारा माझ्यासारखाच कुणीतरी असतो. एसीत बसून, कॉफी पीत, एक टिकट बंद करणारा. त्याच्या मनात क्रौर्य नसतं. पण ती ओळ लिहिताना तो वसुलीवाल्याचं काम करतोय आणि तेही समोरच्याचं तोंड न बघता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कंपनीनं सांगितलं म्हणून लिहिलं, हे उत्तर वसुलीवालाही देऊ शकतो. आपण त्याच्याकडून ते स्वीकारत नाही.

म्हणून मालकी म्हणजे वस्तूवर पूर्ण सत्ता, ही व्याख्या मी सोडून दिली आहे. ती कधीच खरी नव्हती. माझी व्याख्या याहून लहान आहे. गाडी माझी आहे असं म्हणायला तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, बनवणारा उद्या नाहीसा झाला तरी ती चालली पाहिजे. दोन, विकताना जे दिलं ते नंतर गुपचूप काढून घेता येऊ नये. वाढवा खुशाल, पण कमी करायचं तर मला विचारून. तीन, ती थांबवायचीच असेल, तर थांबवण्याआधी मला एका जित्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. तिसरी अट भाड्याच्या गाडीलाही लागू आहे, कारण ज्याची रोजी तिच्यावर आहे त्याचाही तिच्यावर काही हक्क असतो. कुळाचा होता, तसाच.

मित्र विचारतात, कुठली स्कूटर घेऊ? मी अजूनही इलेक्ट्रिकच सुचवतो. पहिल्या सिग्नललाच तिचा झटका अंगावर आला की पेट्रोलच्या 110 वर परत बसवत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. फक्त शोरूममध्ये रेंज आणि चार्जिंगच्या वेळेबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. इंटरनेट नसताना गाडी सुरू होते का? आणि कंपनीला ही गाडी दूरवरून बंद करता येते का. येत असेल तर कधी, कुणाच्या सहीनं? सेल्समनला उत्तर बहुधा माहीत नसेल. मग तो मॅनेजरला विचारेल, मॅनेजर कंपनीला मेल टाकेल. टाकू दे. पुरेशा लोकांनी विचारलं तर तो प्रश्न फिरत फिरत कधीतरी कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर येईल.